नाक दाबलं की इंजिनाचं तोंड उघडतं

आमच्या दारात रोज सकाळी दोन रांगोळ्या असायच्या. एक आई काढायची, पांढरी. दुसरी बाबांची बुलेट काढायची, काळी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला एक नळी लोंबत असे. तिच्या टोकातून ऑईलचे थेंब फरशीवर पडत आणि त्यांचा रुपयाएवढा डाग तयार होई. आई तो साबणाने घासायची, दुसऱ्या दिवशी नवा डाग हजर. “तुमची गाडी आणि तिचं ते गळकं नाक!” हे वाक्य आमच्या घरात आठवड्यातून दोनदा तरी ऐकू यायचं.

एका दिवाळीच्या आधी बाबांनी कायमचा इलाज केला. नळीच्या टोकात एक बोल्ट घट्ट बसवला आणि वरून क्लिप आवळली. थेंब बंद झाले, आई खूश झाली.

दोन आठवड्यांनी आई-बाबा पुण्याहून साताऱ्याला लग्नाला निघाले. मी तेव्हा नववीत होते, आजीजवळ घरी थांबले होते. खंबाटकीचा चढ चढताना बाबांना पोटरीपाशी ऑईलचे शिंतोडे जाणवले. गाडी बाजूला घ्यायच्या आतच एका वळणावर मागचं चाक सरकलं. वेग कमी होता म्हणून बाबांवर खरचटण्यावर निभावलं. आईने मात्र पडताना हात टेकला आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं.

गाडी टेम्पोत घालून एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी इंजिनाकडे बघितलं. रॉकर कव्हरचं पॅकिंग फाटलं होतं आणि ऑईल ओघळून मागच्या टायरपर्यंत गेलं होतं. मग त्यांनी नळी हातात घेतली, बोल्ट बघितला आणि विचारलं, “हे कोणी घातलं?”

“मीच,” बाबा म्हणाले.

“नाक दाबलं की तोंड उघडणारच की, साहेब.”

बाबांनी ही गोष्ट आम्हाला पुढे अनेकदा सांगितली, दरवेळी आईची नजर चुकवून. मोटारसायकल घरोघरी आहे, पण इंजिनाला नाक असतं, हे ती चालवणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. म्हणून आज त्या नाकाबद्दल.

इंजिन श्वास का घेतं?

सिलेंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो हे आपण शाळेत शिकलो. पिस्टनच्या वर पेट्रोल जळतं. पिस्टनच्या खाली जी बंद पेटी असते तिला क्रँककेस म्हणतात. तिथे क्रँक फिरतो आणि ऑईल उडत असतं.

आता जुन्या बुलेटचंच उदाहरण घ्या. तिचं इंजिन ३४६ सीसीचं, एकाच सिलेंडरचं. पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या पेटीतली सुमारे एक तृतीयांश लिटर जागा तो व्यापतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला ५० वेळा घडतं. म्हणजे पेटीच्या आत दर सेकंदाला साधारण एक बादलीभर हवा दाबली जाते आणि पुन्हा सुटते.

यात आणखी एक भर पडते. पिस्टनभोवती रिंगा असतात, पण त्या शंभर टक्के बंद बसत नाहीत. नव्या इंजिनातही जळालेल्या वायूचा थोडा भाग रिंगांच्या फटीतून खाली निसटतो. चढावर, डबलसीट, गच्च सामान असेल तर जास्त निसटतो. हा वायू पेटीत साठत राहतो. त्याला बाहेर जायला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर पाईप, म्हणजेच बाबांनी बंद केलेली ती नळी.

नळी मोकळी असेल तर दाब वाढत नाही. नळी बंद केली, दबली किंवा चिखलाने बुजली, तर साठलेला वायू सगळ्यात कमजोर जागा शोधतो. कधी पॅकिंग, कधी ऑईल सील. तिथून तो बाहेर पडतो आणि सोबत ऑईल घेऊन जातो. दिवसाला चार थेंब वाचवायला गेलं की असं वाटीभर ऑईल टायरवर येतं.

जुन्या बुलेटच्या नळीत रबराची एक छोटी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी. पिस्टन खाली आला की चोच उघडते, हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला की चोच मिटते, बाहेरची हवा आत येत नाही. त्यामुळे आतला दाब कमी राहतो आणि ऑईल आतच थांबतं. ही चोच उन्हाने कडक झाली किंवा चिरली की तिचा उपयोग संपतो आणि नळीतून ऑईल फेकलं जाऊ लागतं. भाग अगदी किरकोळ किमतीचा आहे. फक्त बसवताना दिशा बघायची. उलटा बसला तर तो बाबांच्या बोल्टचंच काम करतो.

त्या वाफेत असतं तरी काय?

नळीतून येते ती नुसती हवा नसते. त्यात ऑईलचे अतिसूक्ष्म थेंब असतात, न जळालेलं पेट्रोल असतं, जळालेले वायू असतात आणि पाणी असतं.

पाणी कुठून आलं, असं वाटेल. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या टोकाशी पाणी टपकताना दिसतं ते हेच. थोडं मात्र रिंगांमधून खाली पेटीत उतरतं. इंजिन चांगलं तापलं तर ते वाफ होऊन नळीवाटे बाहेर पडतं. इंजिन तापलंच नाही तर ते आतच ऑईलमध्ये मिसळतं.

म्हणजे ही नळी दोन कामं करते. दाब सोडते आणि ऑईलमधली घाण, ओल बाहेर टाकते. ती बंद करणं म्हणजे स्वयंपाकघराची चिमणी बंद करून फोडणी देण्यासारखं आहे.

बाहेर आलेली वाफ जाते कुठे?

पूर्वी उत्तर सोपं होतं, रस्त्यावर. जुन्या बुलेटमध्ये नळीचं तोंड मागच्या चेनकडे वळवलेलं असे. येणाऱ्या ऑईलने चेनला आपसूक वंगण मिळायचं. युक्ती काटकसरीची होती, पण उरलेलं ऑईल रस्त्यावर, टायरजवळ आणि लोकांच्या फरशीवर पडायचं. वाफ तर हवेतच जायची.

या वाफेने शहराची हवा खराब होते हे पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलच्या नव्या मोटारींमध्ये ही वाफ पुन्हा इंजिनात नेऊन जाळायची सोय आली. गाड्यांचं प्रदूषण कमी करण्याच्या आधुनिक उपायांची सुरुवात तिथून झाली, असं म्हणायला हरकत नाही.

आजच्या आपल्या मोटारसायकलींमध्येही हेच तत्त्व आहे. इंजिनाची नळी एअर फिल्टरच्या डब्यात जोडलेली असते. वाफ तिथे जाते, ताज्या हवेत मिसळते, इंजिनात ओढली जाते आणि जळून जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनुसार ही वाफ थेट हवेत सोडायला परवानगी नाही.

म्हणून नव्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगते. “नळी काढून खाली सोडतो, पिकअप वाढेल,” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नियम मोडतो, वॉरंटीचा प्रश्न येतो आणि डब्यातलं ते उघडं भोक धूळ आत ओढू लागतं. पिकअप काही वाढत नाही.

नळीतून जास्त ऑईल येतंय? आधी ही कारणं बघा

थोडी वाफ, नळीच्या टोकाला थोडा ओलावा, हे साहजिक आहे. ऑईल वाहायला लागलं तर मात्र कारण शोधायला हवं. खर्चिक कारणाकडे जाण्याआधी स्वस्त कारणं तपासा.

• ऑईल जास्त भरलंय का? सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांना ऑईल बदलताना पूर्ण एक लिटर लागत नाही. पण डबा लिटरचा असतो आणि “उरलेलं कशाला ठेवायचं” म्हणून सगळा ओतला जातो. जास्तीचं ऑईल फिरणाऱ्या क्रँकला लागून घुसळलं जातं आणि नळीवाटे बाहेर पडतं. बाबाही “थोडं जास्तच असू दे” म्हणून वर भरायचे. आमच्या दारातल्या काळ्या रांगोळीचं मूळ तेच होतं.

• ऑईल मोजायची पद्धत बरोबर आहे का? गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. काही गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते, काहींत आवळून. आपल्या गाडीची पद्धत कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते. साइड स्टँडवर मोजलं तर आकडा चुकणारच.

• गाडी बरेच दिवस उभी होती का? जुन्या बुलेटमध्ये ऑईलचा कप्पा वेगळा असतो. महिनाभर गाडी उभी राहिली की कप्प्यातलं ऑईल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये झिरपतं. मग पहिल्यांदा सुरू केल्यावर नळीतून भसकन ऑईल येतं. घाबरू नका. काही मिनिटं चालवून ऑईल कप्प्यात परत जाऊ द्या आणि त्यानंतरच पातळी बघा. गाडी सुरू करण्याआधी “ऑईल कमी झालं” समजून वरून भरलंत, तर जास्त ऑईलचा त्रास ओढवून घ्याल.

• ऑईलला पेट्रोलचा वास येतो का? पातळी आपोआप वाढली आहे आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आहे, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल आत उतरलेलं असू शकतं. अशी गाडी सुरू करू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. ऑईल पातळ होऊन इंजिन खराब होतं, आणि नळीतून येणारी वाफ पेट घेऊ शकते.

• रिंगा झिजल्या आहेत का? नळीतून सतत जोरात भपके येतात, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, ऑईल दर काही दिवसांनी कमी होतं आणि चढावर दम लागतो. ही लक्षणं एकत्र दिसली तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. मग “हाफ इंजिन” काढण्यावाचून पर्याय नसतो. नळीला काहीही लावून हे दुखणं बरं होत नाही.

जुन्या गाडीला बाटली लावायची असेल तर

ज्यांच्याकडे नळी बाहेर सोडलेली जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी चांगला उपाय म्हणजे ऑईल साठवणारी छोटी बाटली. गाडीप्रेमी तिला कॅच कॅन म्हणतात. नळी बाटलीत येते, ऑईल आणि पाणी तळाशी साठतं, हवा दुसऱ्या तोंडाने बाहेर जाते. पण त्यात काही गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, बाटलीला बाहेर जायचं दुसरं तोंड असलंच पाहिजे. झाकण घट्ट लावलेली बंद बाटली म्हणजे पुन्हा बोल्टच.

दुसरी, नळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नको. बारीक नळी म्हणजे अर्धं दाबलेलं नाक.

तिसरी, नळी ऑईल आणि उष्णता सहन करणारी हवी. बागेत पाणी घालायची पारदर्शक नळी काही महिन्यांत कडक होते, किंवा तापून चपटी होऊन बसते.

चौथी, नळी इंजिनापासून वर चढत गेली पाहिजे. मग वाटेत थंड झालेलं ऑईल उतारावरून पुन्हा इंजिनात परततं. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी-ऑईल साठून वाट अडते.

पाचवी, बाटली सायलेन्सरपासून आणि मागच्या टायरपासून दूर, उभी आणि पक्की बसवा. आत स्टीलच्या लांब तारेची भांडी घासायची घासणी सैलसर घातली तर वाफेतले थेंब तिला चिकटून खाली पडतात. तुटून तुकडे होणारी बारीक काथ्यासारखी तार मात्र वापरू नका.

आणि शेवटची, ती वेळच्या वेळी रिकामी करा. त्यात जमतं ते ऑईल, पाणी आणि पेट्रोल यांचं घाणेरडं मिश्रण. ते पुन्हा इंजिनात ओतायचं नाही आणि गटारातही नाही. बंद डब्यात साठवून, जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. हातमोजे घाला आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

रोजच्या गाडीचं काय?

“आमच्याकडे बुलेट नाही, साधी शंभर-सव्वाशेची गाडी आहे,” असं म्हणणाऱ्यांनीही दोन गोष्टी बघाव्यात.

एक, एअर फिल्टरच्या डब्याखाली बहुतेक गाड्यांना एक छोटी नळी असते, टोकाला बूच लावलेली. डब्यात साठलेलं ऑईल-पाणी तिच्यात उतरतं. सर्व्हिसिंगच्या वेळी खाली वाटी धरून ती रिकामी करायला सांगा आणि बूच परत लावलंय ना बघा. भर पावसात रोज चालवली, जोरात पाणी मारून धुतली किंवा गाडी आडवी पडली असेल, तर हे लवकर करावं. ती भरून गेली की ऑईल फिल्टरला लागतं, फिल्टर चिकट होतो, गाडी गुदमरते आणि पेट्रोल जास्त खाते.

दोन, फार छोट्या फेऱ्या. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई, पुन्हा घर, सगळं मिळून दोन-तीन किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद होतं. पावसाळ्यात किंवा थंडीत अशा गाडीच्या डिपस्टिकवर, झाकणाच्या आत चहावरच्या सायीसारखा पांढरट फेस दिसतो. तो म्हणजे ऑईलमध्ये मिसळलेलं पाणी. आठवड्यातून एकदा गाडी सलग वीस-तीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा. इंजिन तापेल, पाण्याची वाफ होईल आणि नळीवाटे निघून जाईल. तरी फेस राहिलाच तर ऑईल बदला. साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यानंतर असं दिसलं तर वाट न बघता आधी ऑईल बदला. रेडिएटरवाल्या गाडीत फेस दिसला आणि कूलंटही कमी होत असेल, तर तडक गॅरेज गाठा. कूलंट ऑईलमध्ये जात असण्याची शक्यता आहे.

लेह-लडाख किंवा स्पितीच्या सफरीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. शून्याखालच्या थंडीत नळीच्या झोळात साठलेलं पाणी गोठतं आणि बर्फाचा बोल्ट तयार होतो. निघण्याआधी नळी, बाटली आणि फिल्टरच्या डब्याची नळी पूर्ण रिकामी करून घ्या.

गळती म्हणजे निरोप

बाबांनी बोल्ट घातला तो आळसाने नव्हे. घरातली तक्रार मिटावी म्हणून त्यांनी तो घातला. आपण सगळेच असं करतो. थेंब दिसला की त्यावर हात ठेवतो, तो का पडतोय हे विचारत नाही. त्या थेंबांनी बाबांना एवढंच सांगितलं होतं की ऑईल जास्त भरलंय आणि रबराची चोच कडक झाली आहे. दोन्ही कामं अर्ध्या तासाची होती.

त्या मेकॅनिक काकांनी बाबांकडून नवं पॅकिंग आणि नवी चोच यांचे पैसे घेतले, ऑईल खुणेपर्यंत कमी केलं आणि बोल्ट त्यांच्या हातात ठेवला. बाबांनी तो किल्ल्या अडकवायच्या खुंटीला दोऱ्याने बांधून ठेवला. तो अजून तिथे आहे.

बुलेटही आहे. बाजूच्या पेटीमागे एक छोटी बाटली बसवली आहे, बाबा महिन्याच्या पहिल्या रविवारी ती रिकामी करतात. आईचं मनगट थंडीत अजून दुखतं. तेव्हा बाबा न सांगता चहा ठेवतात आणि तिच्याऐवजी दाराशी पाणी शिंपडून येतात. रांगोळी मात्र आईच काढते, आता दारात तेवढी एकच असते.